शेगडीला बुरशी का धरते?
आरोग्य पाठ : पावसाळा, मातीची शेगडी आणि आपली फुप्फुसे



आपल्या वस्तीत अशी एखादी मावशी असतेच, जी गल्लीच्या तोंडाशी शेगडी मांडून कणसे भाजते. कुणी संध्याकाळी बोंबील भाजून विकते, कुणी सळ्यांवर कबाब लावते. गॅस आला तरी या धंद्यातली शेगडी गेली नाही. लोखंडी बादलीला आतून मातीचा जाड थर, मध्ये सळ्यांची जाळी, खाली राख काढायचे तोंड आणि वर लोणारी कोळसा. एवढ्या भांडवलावर एक घर चालते.

आता समजा, जुलैच्या महिन्यात आठ दिवस पावसाने उसंत दिली नाही. मावशीने शेगडी प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून भिंतीशी ठेवली. नवव्या दिवशी उघडीप झाली. प्लॅस्टिक सोडले तर आत राखेवर, कोळशावर आणि जाळीच्या कडांवर पांढरी, हिरवट लव आलेली. कुबट वास सुटलेला. मावशीने दहा वर्षांच्या नातीला हाक मारली, "पोरी, एवढी शेगडी झाडून आण गं." पोरीने खराटा घेऊन खसाखसा झाडली. रात्री पोरीला शिंका सुरू झाल्या, मग छातीत घरघर. तिला आधीपासून दम्याचा त्रास होता.

शेगडीची माती अजून ओलीच होती. म्हणून मावशीने त्याच रात्री चार निखारे घालून ती वाळायला खोलीत ठेवली. बाहेर पाऊस होता, म्हणून दारही लावून घेतले.

या गोष्टीत दोन चुका आहेत. पहिलीमुळे मूल आजारी पडते. दुसरीमुळे सगळे घर झोपेतून उठणार नाही, असे घडू शकते. हा पाठ या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

बुरशी येते कुठून?

बुरशी म्हणजे एक सजीव. ती झाडासारखी स्वतःचे अन्न तयार करत नाही, दुसऱ्या वस्तूवर वाढून तिच्यातूनच अन्न घेते. तिचे बी फार बारीक असते, त्याला बीजाणू म्हणतात. सुटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही. हवेत, भिंतीवर, कपड्यांवर, अन्नावर तो सगळीकडे असतो. बीजाणू घरात येऊच नयेत असे कुणालाही करता येणार नाही.

पण बीजाणू असले म्हणून बुरशी वाढतेच असे नाही. तिला चार गोष्टी लागतात : ओल, खाद्य, कोंडलेली हवा आणि बेताची ऊब. या चारही मिळाल्या की ओल्या वस्तूवर एक-दोन दिवसांत बुरशी मूळ धरते आणि आठवडाभरात डोळ्यांना दिसू लागते. यातली ऊब आपल्या हाती नाही, पावसाळ्यात आपल्याकडची हवा बुरशीला मानवणारीच असते. उरलेल्या तीन गोष्टी मात्र पूर्ण आपल्या हाती आहेत.

शेगडीतच ती एवढी का वाढते?

शेगडीत धगधगता विस्तव असतो, मग तिथे बुरशी कशी, असे वाटणे साहजिक आहे. विस्तव असतो तोवर बुरशी जगत नाहीच. ती वाढते दोन वापरांच्या मधल्या दिवसांत.

पहिले कारण माती. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रे असतात. माठातले पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे, पाणी झिरपून बाहेर येते आणि वाऱ्यावर उडून जाते. शेगडीची मातीही तशीच. पावसाळ्यातल्या दमट हवेतून ती ओल ओढून घेते.

दुसरे कारण राख. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात आणि ते हवेतले पाणी धरून ठेवतात. राखेचा ढीग आत ठेवणे म्हणजे ओला बोळा आत ठेवण्यासारखे आहे. ओली राख लोखंडही खाते. बादलीचा तळ आणि जाळी गंजण्याचे ते एक मोठे कारण आहे.

तिसरे कारण चरबी आणि खरकटे. कबाबाचे तेल, माशाचा रस, कणसाला लावलेले लिंबू-मीठ, जळालेले दाणे हे सगळे जाळीवर आणि मातीच्या भेगांत बसते. आपण त्याला मळ म्हणतो, बुरशीला ते जेवण असते.

चौथे कारण आपले झाकणे. शेगडी भिजू नये म्हणून आपण ती प्लॅस्टिकमध्ये बांधतो. बाहेरचे पाणी अडते हे खरे, पण मातीत आधीच शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि तिला वाट मिळत नाही. रात्री गारवा आला की प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि परत मातीवर पडतात. म्हणजे राखण करायला गेलो आणि बुरशीला घर करून दिले.

बुरशीने काय अपाय होतो?

कोरडी बुरशी झाडली, खरवडली किंवा फुंकणीने उडवली की लाखो बीजाणू एकदम हवेत उठतात. धडधाकट माणसाला थोड्या शिंका येतील, डोळे चुरचुरतील. पण दमा असलेल्याला तेवढ्याने झटका येऊ शकतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांनाही त्रास लवकर होतो.

ज्यांना पूर्वी क्षयरोग झाला होता त्यांनी विशेष जपावे. क्षय बरा झाला तरी काहींच्या फुप्फुसात पोकळी उरते. अशा पोकळीत बुरशी वाढून तिचा गोळा होऊ शकतो आणि मग खोकल्यातून रक्त पडते. आपल्या वस्त्यांत क्षयाचे उपचार पूर्ण केलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी बुरशी साफ करण्याचे काम करू नये, ते दुसऱ्याला द्यावे. खोकल्यातून रक्त आले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" या नावाने घबराट पसरली होती. तो म्युकरमायकोसिस हा आजार. तो मुख्यतः साखर फार वाढलेल्या आणि स्टिरॉइडची औषधे चाललेल्या रुग्णांना झाला. त्यात शरीराचा मेलेला भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. भिंतीवर किंवा शेगडीत काळा डाग दिसला म्हणजे तो आजार घरात आला, असे नाही. पण ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही त्यांनी कोणत्याही बुरशीपासून दूर राहणेच शहाणपणाचे.

रोज काम झाल्यावर काय करावे?

१. शेवटचे कणीस किंवा कबाब उतरल्यावर विस्तव लगेच मोडू नका. रिकामी जाळी दहा-पंधरा मिनिटे निखाऱ्यावर राहू द्या. चिकटलेली चरबी जळून कोरडी होते, मग ती सहज सुटते.

२. शेगडीत पाणी ओतून विस्तव विझवू नका. गरम मातीवर गार पाणी पडले की माती तडकते. उसळलेल्या वाफेने हात-तोंड भाजते. राखेचा चिखल होतो आणि आठवड्याची ओल आत शिरते. त्याऐवजी चिमट्याने निखारे एका पत्र्याच्या डब्यात काढा आणि घट्ट झाकण लावा. हवा तुटली की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी कामाला येतो. हा डबा पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावरच ठेवा, खोलीत नेऊ नका.

३. राख दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, पत्र्याच्या डब्यात काढा. खालचे तोंडही बोटे घालून साफ करा, बहुतेक वेळा राख तिथेच साचलेली असते.

४. जाळी नारळाच्या शेंडीने घासा. तारेचा ब्रश वापरत असाल तर तुटलेली तार जाळीला चिकटली नाही ना, हे पाहा. ती खाण्यातून पोटात जाऊ शकते. जाळी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पुसा, वाळवा आणि तेलाचे फडके हलकेच फिरवा. तेलाचा थर जाड नको.

५. शेगडी जमिनीला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. खालचे तोंड उघडे आणि पावसाच्या उलट दिशेला असावे. वर पत्रा टाका, पण शेगडी आणि पत्रा यांच्यामध्ये विटेचे तुकडे ठेवून चार बोटे फट राहू द्या. पाऊस आत येणार नाही आणि वारा खेळेल.

६. कोळसा गोणपाटात ठेवला तर तो पावसाळ्यात ओल धरतो. झाकणाचा डबा किंवा जुना पिंप बरा. ओला कोळसा धूर जास्त करतो, नीट पेटत नाही, तडतडून ठिणग्या उडवतो आणि मग तो पेटवण्यासाठी रॉकेल ओतण्याचा मोह होतो. त्या मोहाने हात भाजलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

७. धंदा बंद असला तरी आठवड्यातून एकदा, उघडीप पाहून, बाहेर शेगडी पेटवा. अर्ध्या तासाचा विस्तव मातीतली ओल काढून टाकतो.

भेगांचेही पाहा. भेगेत चरबी आणि पाणी दोन्ही बसते. त्या मातीने लिंपून घ्या. लेपात शेण मिसळले असेल आणि तो नीट वाळला नाही, तर त्याच्यावरही बुरशी लवकर येते. म्हणून लिंपण आणि पोतेरे पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या उन्हात उरकून घ्यावे.

बुरशी धरलीच तर?

घाबरू नका आणि शेगडी टाकूनही देऊ नका. माती तीच राहते, बुरशी जाते. फक्त क्रम पाळा.

शेगडी घराबाहेर न्या. मुलांना, दमेकऱ्यांना आणि आजारी माणसांना लांब ठेवा. नाका-तोंडावर मास्क बांधा, हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. झाडण्याआधी राखेवर आणि लव आलेल्या भागावर हाताने थोडे पाणी शिंपडा, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. फुंकणी मारू नका. मग राख आणि लव आलेला कोळसा अलगद काढून पिशवीत बांधा आणि फेकून द्या. ही राख भांडी घासायला वापरू नका. जो कोळसा नुसता दमट आहे, ज्यावर लव नाही, तो उन्हात वाळवून वापरता येतो.

त्यानंतर शेगडी एक-दोन दिवस वाऱ्यावर, ऊन असेल तर उन्हात वाळू द्या. ही पायरी चुकवू नका. माती आतून ओली असताना एकदम भडका केला तर आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते आणि माती फुटते. म्हणून आधी चार-पाच निखाऱ्यांचा मंद विस्तव करा. शेगडी सगळीकडून कोमट झाली की कोळसा वाढवा. मग अर्धा तास मोठा विस्तव ठेवा, त्यावर खाण्याचे काहीही भाजू नका. वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. या धगीत बुरशी आणि तिचे बी दोन्ही जळतात. गार झाल्यावर राख काढा. आता शेगडी पुन्हा खाण्याच्या कामाची झाली.

मातीच्या भागाला साबण, फिनेल किंवा ब्लिचिंग पावडर लावू नका. माती ते पिऊन घेते आणि पुढच्या वेळी तापली की त्याचा वास-धूर अन्नात उतरतो. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सर्वांत मोठा धोका : बंद खोलीतला निखारा

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. शेगडी वाळवण्यासाठी, कपडे सुकवण्यासाठी किंवा ऊब मिळावी म्हणून पेटते निखारे खोलीत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. "धूर नाही, नुसता निखारा आहे" हे समाधान खोटे आहे. धूर थांबल्यावरही हा वायू निघतच असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. झोपेत असलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत, पावसाचे झोत येतात म्हणून खिडकीच्या फटींत बोळे कोंबलेले असताना, हा वायू फार लवकर साचतो. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना धोका अधिक.

ओळखायचे कसे? घरातल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर आधी विस्तवाचा संशय घ्या. दार-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणे, लिंबू चोळणे यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना "खोलीत कोळशाची शेगडी होती" हे आवर्जून सांगा, नाहीतर हा त्रास पित्ताचा किंवा तापाचा वाटू शकतो. कोरोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या वायूने रक्त भरलेले असतानाही ते यंत्र आकडा चांगला दाखवते.

म्हणून नियम एकच : निखारा उंबऱ्याच्या आत येणार नाही. शेगडी ओली राहिली तर एक दिवसाचा धंदा बुडेल, बुडू द्या. चार घरांनी मिळून बाजूंनी मोकळी, उंच पत्र्याची एखादी पडवी केली तर सगळ्यांच्या शेगड्या तिथे वाळतील. महिला मंडळाने हा विषय बैठकीत घ्यावा.

बंगल्यावर, हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी

आपल्यातले अनेक जण हॉटेलांत आणि बंगल्यांवर कामाला आहेत. तिथे हल्ली अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची, झाकणाची शेगडी दिसते. जपानमधल्या जुन्या चुलीवरून तिला कामादो म्हणतात. तिला खाली एक आणि वर झाकणात एक अशी हवेची दोन दारे असतात. काम झाले की दोन्ही बंद करून विस्तव विझवतात. मग महिना-महिना ती तशीच बंद राहते. आत चरबी, ओल आणि कोंडलेली हवा. उघडली की आत लव, आणि साफ करायला आपली ताई!

तिचेही शास्त्र हेच. बाहेरून ती चकचकीत असली तरी आतली बाजू पाणी पिते, म्हणून आत पाण्याचा पाइप मारू नये, साबण घालू नये. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे, मास्क बांधावा, जुना कोळसा आणि राख काढून टाकावी. जाळी वेगळी काढून धुवावी. मग रिकामी शेगडी अर्धा तास कडक तापवून गार झाल्यावर आतून घासावी. पेटलेल्या शेगडीचे झाकण मात्र एकदम उघडू नये. आधी बोटभर उचलून थोडी हवा आत जाऊ द्यावी, नाहीतर एकदम हवा मिळून ज्वाळा तोंडावर येते. पूर्ण गार झाल्यावर, आडोशाला ठेवताना, हवेची दोन्ही दारे थोडी उघडी ठेवावीत. एवढे केले तर पुढच्या वेळी बुरशी येणार नाही.

या कामासाठी मालकाकडे मास्क आणि हातमोजे जरूर मागावेत. तो उद्धटपणा नाही, कामाच्या जागी आपला जीव जपण्याचा आपला हक्क आहे.

शेगडीवर काय ठेवतो, तेही पाहा

शेगडी स्वच्छ आणि कणीस बुरशीचे, असे चालणार नाही. शेगडीतली बुरशी विस्तवाने जाते. पण मका आणि शेंगदाणे यांच्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते भाजण्या-शिजवण्याने पुरते जात नाही. ते यकृतावर घाला घालते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. दुसरे धान्य घरात नव्हते, म्हणून त्यांनी तो खाल्ला होता. तेव्हा काळी-हिरवी पडलेली कणसे, कडू लागणारे शेंगदाणे, लव आलेली भाकरी "वरचे काढून" खाऊ नका आणि गिऱ्हाइकालाही देऊ नका.

स्वतःला विचारून पाहा

माझ्या शेगडीत आत्ता राख आहे का? ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे का? घरात दमा किंवा जुना क्षय असलेले कोण आहे, आणि शेगडी झाडायला आपण कुणाला पाठवतो? या पावसाळ्यात एकदा तरी निखारा खोलीत आला होता का?

या चार प्रश्नांची उत्तरे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून द्यावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा पाठ वाचून दाखवावा. आणि त्या कणीसवाल्या मावशीला आजच सांगावे, "मावशी, राख काढा, शेगडीला वारा लागू द्या, आणि निखारा आत नेऊ नका." तेवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात.